बारा चाळीसची नोंद

माझ्या डायरीत एका आठवड्याची पानं कोरी आहेत. आधीच्या आठवड्यात लिहिलंय, नंतरच्या आठवड्यातही लिहिलंय. मधली पानं सोडलेली. डायरी मी इंग्रजीत लिहिते आणि आमच्या घरात ती कुणी उघडत नाही, तरीही सोडलेली. चार वर्षं होऊन गेली. त्या पानांवर जे यायला हवं होतं ते आईला ठाऊक नाही. ज्यांनी मला काम शिकवलं त्या इरफानभाईंना ठाऊक नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल कदाचित.

आणि मराठीत सांगते आहे. हे मला जड जातं. शाळा इंग्रजी माध्यमाची. वडील कचेरीत कारकून, त्यांनी हौसेनं घातलं. पाहुणे आले की ते मला इंग्रजीत बोलून दाखवायला लावायचे आणि मग मी मराठीत चुकले की चुलत भावंडं हसायची. मी दोन्हीकडे कमी बोलायला शिकले. लिहायला मात्र पुढे शिकले, हळूहळू, शब्द विचारून विचारून. ज्या बाईविषयी हे आहे तिला इंग्रजी धड वाचता येत नाही. म्हणून मराठीत.

तुम्हाला फोन करायची भीती वाटते का? फोन आला की नव्हे, आपण होऊन करायची. हसू नका. नंबर लावण्याआधी पहिलं वाक्य मनात चार वेळा म्हणून बघायचं, पलीकडून काय येईल याचा अंदाज बांधायचा, आणि घंटी वाजायला लागली की मनात म्हणायचं, नका उचलू, नका उचलू. तर ती भीती. मला ती आजही वाटते. हे मी सबब म्हणून सांगत नाही — बघा, सबब हा शब्द मीच आणला. अजून तर काही सांगितलेलंही नाही.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा मी हिंगोलीतल्या एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होते. नवीनच. दवाखान्याचं नाव सांगत नाही, आता तो त्या जागी नाहीही. लॅब तळमजल्यावर, मागच्या अंगाला. आयसीयू दुसऱ्या मजल्यावर. मधल्या जिन्यावर नातेवाईक बसलेले असायचे, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, गुंडाळलेल्या सतरंज्या घेऊन. बाहेर हळदीचा हंगाम होता. शिजवून वाळवलेली हळद मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात, यायची, त्यातल्या निम्म्या दिवशी मोंढाच बंद असायचा. जिन्यावर बसलेल्या बायकांच्या हातांचे तळवे पिवळे दिसायचे. सॅनिटायझरनं जातं का ते? जात नाही.

आमच्या लॅबमध्ये एक वही होती. लांब, निळ्या पुठ्ठ्याची. एखाद्या तपासणीत जीवावर बेतेल असं काही सापडलं, तर रिपोर्ट छापून वर जाईपर्यंत थांबायचं नाही, वॉर्डात ताबडतोब फोन करायचा आणि वहीत नोंद करायची. तारीख, रुग्णाचं नाव, काय सापडलं, कुणाला कळवलं, किती वाजता, सही. मोठ्या डॉक्टरांनीच हा नियम केला होता. आता नियम असा की आधी फोन, मग नोंद. पण इरफानभाईंनी मला उलटं शिकवलं. ते वीस-बावीस वर्षं या कामात. म्हणायचे, "पहले लिख डाल बेटा, बाद में फोन कर. फोन रखा की दूसरा सँपल आ जाता, फिर वो लाइन खाली रह जाती." त्यांचं बरोबर होतं. ते ओळ लिहायचे आणि पेन खाली ठेवायच्या आत दुसऱ्या हातानं फोन उचललेला असायचा. वीस वर्षांत एकही ओळ खोटी पडली नसेल त्यांची.

म्हणजे दोष पद्धतीचा नव्हता. हे आधीच सांगून ठेवते.

वरती मंदा सिस्टर असायच्या. चाळिशीच्या, मूळ साखऱ्याच्या, आवाज खणखणीत. पीपीई किट घातलं की सगळ्या सिस्टर सारख्याच दिसायच्या, म्हणून त्यांनी पाठीवर मार्करनं मोठ्या अक्षरात 'मंदा' लिहून घेतलेलं असायचं आणि खाली एक फूल. आयसीयूत मोबाइल नेता यायचा नाही, कागद बाहेर आणता यायचा नाही. मग त्यांनी एक युक्ती काढली होती. दाराला लागून मोठी काच होती, फोन त्या काचेजवळच. फोनवर काही कळवलं की त्या ते काचेवर मार्करनं लिहायच्या, रुग्णाचं नाव आणि त्यापुढे निरोप. डॉक्टर राउंडला आले की पहिल्यांदा काच वाचायचे. रोज सकाळी काच पुसली जायची आणि पुन्हा भरायची. मी ती काच एकदाच पाहिली. शाळेच्या फळ्यासारखी दिसत होती, अक्षर तिरपं, पण एकही ओळ खोडलेली नव्हती.

एकदाच पाहिली, कारण एकदाच वर गेले. गयाबाईंचं रक्त घ्यायला.

गयाबाई पुसेगावच्या. पन्नाशीच्या आतबाहेर. विषाणूतून त्या उठल्या होत्या, म्हणजे चाचणी निगेटिव्ह आली होती, व्हेंटिलेटर निघालं होतं, नुसता ऑक्सिजन होता. पण ताप पुन्हा चढायला लागला होता आणि डॉक्टरांनी रक्त कल्चरला लावायला सांगितलं होतं, म्हणजे बाटलीत ठेवून त्यात काही वाढतं का ते बघायला. मी हात शोधत होते, शीर सापडत नव्हती. त्या मास्कच्या आतून माझ्याकडे बघत होत्या.

"मुकी हाय का गं तू?" त्या म्हणाल्या. "सुई टोचणारीनं बोलावं जरा. म्हंजे माणसाचं ध्यान दुसरीकडं जातं."

मी म्हणाले, "हो."

"हो म्हणली! सिस्टर, हो म्हणली बगा ही!" आणि त्या हसायला लागल्या, हसताना खोकल्या, आणि मंदा सिस्टरनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "असू द्या मावशी, इंग्लिश शाळेतलं लेकरू हाय ते. मोजून बोलतंय." गयाबाई मला म्हणाल्या, अंगणात हळद पसरलेली आहे, सुनेला एकटीला आवरत नसेल, कधी सोडतात तेवढं विचारून सांग. मी मान हलवली. मान हलवणं मला नेहमीच सोपं गेलं आहे. हे लक्षात ठेवा.

दोन दिवसांनी, सोमवारी, ती बाटली गढूळ झाली. काचपट्टीवर थेंब घेऊन मी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जंतू नव्हते. मोठ्या, लंबगोल पेशी होत्या आणि एकेकीला लहानसा कोंब, हळदीच्या गड्ड्याला फुटतो तसा. किण्व, म्हणजे यीस्ट. बुरशीचीच एक जात. कातडीवर, तोंडात असते ती चालते, रक्तात कधीच नसायला हवी. पण त्या महिन्यांत काय काय चाललं होतं — स्टिरॉइड, वाढलेली साखर, मानेत घातलेली नळी, आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक. घर उघडं टाकून सगळे पळाल्यावर जे शिरायचं ते शिरतं.

मी वहीत ओळ लिहिली आणि फोन लावला. तेव्हा लावला होता. मंदा सिस्टरनी उचलला. मी तयार केलेलं वाक्य म्हणाले, "सिस्टर, गयाबाईंच्या रक्तात बुरशी उगवली आहे."

त्या म्हणाल्या, "उगवली? काय पेरलं व्हतं मॅडम, सोयाबीन का हळद?"

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला होता. किटच्या आत कानाला लावता येत नाही, म्हणून तो नेहमीच स्पीकरवर असायचा, हे मला नंतर कळलं. वरचे सगळे हसले. वॉर्डबॉय हसला, दुसरी सिस्टर हसली. कुणीतरी म्हणालं, "परत एकदा म्हण की मॅडम." सहा-सहा तास पाणी न पिता त्या प्लॅस्टिकमध्ये उभी असलेली माणसं. त्या दिवसभरात ती तेवढीच हसली असतील. आज मला ते दिसतं. तेव्हा फक्त माझे कान गरम झालेले आठवतात. आणि हसू संपायच्या आत सिस्टर म्हणाल्या, "थांब, लिहून घेऊन राहिले. बुरशी. गयाबाई. आन काय?" तासाभरात गयाबाईंना बुरशीवरचं नेहमीचं औषध सुरू झालं. एवढी ती बाई कामाला चोख होती. ती हसली आणि तिनं काम केलं. मी हसले नाही, आणि —

सांगते.

बुरशी कुठली आहे, कुठल्या औषधाला दाद देते, हे आमच्या लॅबमध्ये कळत नव्हतं. तो नमुना आम्ही औरंगाबादच्या मोठ्या लॅबला पाठवला. त्याच आठवड्यात इरफानभाई स्वतः आजारी पडले, घरी होते. लॅबमध्ये मी एकटी. शनिवारी दुपारी ईमेल आला.

रिपोर्ट एक पानाचा, इंग्रजीत. मला समजायला अर्धं मिनिटही लागलं नाही, माझ्या शिक्षणाचा तेवढा उपयोग होता. कॅन्डिडा ऑरिस. दवाखान्यांतच पसरणारी, औषधांना न जुमानणारी बुरशी. गयाबाईंना जे औषध पाच दिवस चालू होतं त्याच्यासमोर एक अक्षर होतं, आर. म्हणजे ते औषध निरुपयोगी. पाच दिवस त्यांना जवळजवळ पाणीच दिलं जात होतं. खाली दुसऱ्या औषधाचं नाव होतं, ते चालणार होतं. आणि तळाशी सूचना, रुग्णाला ताबडतोब वेगळं ठेवा, ही बुरशी कॉटच्या दांड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर, हातमोज्यांवर टिकते आणि शेजारच्या रुग्णाकडे जाते.

मी घड्याळ पाहिलं. निळी वही उघडली. लिहिलं — शनिवार, गयाबाई, काय सापडलं ते. कुणाला कळवलं, मंदा सिस्टर. वेळ, बारा चाळीस. सही केली. मग फोन उचलला.

आणि खाली ठेवला.

वाक्य तयार नव्हतं. 'रेझिस्टंट' मराठीत कसं म्हणायचं? औषधाला दाद देत नाही — हे आता सुचतं, तेव्हा सुचलं नाही. मी एका कागदावर लिहून बघितलं. 'ही बुरशी औषधाला विरोध करते.' कानात आलं, विरोध करते? मोर्चा काढते का मॅडम? खोडलं. 'ही बुरशी ऐकत नाही.' खोडलं. तुम्ही म्हणाल, इंग्रजी शब्द वापरायचा, सिस्टरना कळला असता. कळला असता. तुम्ही म्हणाल, दोन मजले चढून जायचं, कागद काचेला लावून दाखवायचा. जिन्यावर गयाबाईंची सून बसली होती, पिवळ्या तळव्यांची. ती रोज विचारायची, रिपोर्ट आला का ताई. तिच्यासमोरून जावं लागलं असतं. मग मी काय केलं? रिपोर्टचा फोटो काढला आणि मोठ्या डॉक्टरांना व्हॉट्सअॅप केला. एक शब्दही न लिहिता. दोन करड्या टिका आल्या, म्हणजे पोचला, वाचलेला नाही. मी स्वतःला म्हणाले, कळवलं की. आणि तेवढ्यात खिडकीत नमुन्यांचा ट्रे आला.

दोन वाजता बघितलं. करड्या. चार वाजता बघितलं. करड्या. डॉक्टरांच्या फोनवर त्या दिवसांत शेकड्यांनी निरोप पडत असतील, कुणाला खाट हवी, कुणाला इंजेक्शन. हे मला माहीत नव्हतं का? म्हणूनच तर वहीचा नियम होता. मी घरी गेले. आईनं वाफ घ्यायला लावली. जेवले.

रविवारी मी कामावर होते. आणि रविवारचं सांगणं शनिवारपेक्षा अवघड आहे. शनिवारी मी घाबरले होते. रविवारी घाबरले नव्हते. रविवारी सकाळी मी नीट विचार केला. आता फोन केला तर सिस्टर विचारतील, रिपोर्ट कधी आला? वहीत तर काल बारा चाळीस लिहिलेलं. ती ओळ खोटी ठरेल. खोडता येईना — त्या वहीत खाडाखोड चालत नव्हती. म्हणजे मी काय केलं ते कळतंय का तुम्हाला? एका बाईच्या रक्तात बुरशी वाढत होती आणि मी माझी ओळ सांभाळत होते. संध्याकाळपर्यंत फोन माझ्यापासून एका हातावर होता. दिवसभरात त्याच फोनवरून मी तीन दुसरे निरोप वर कळवले. दोन वेळा मंदा सिस्टरनीच उचलला. एकदा म्हणाल्या, "आज बोलून राहिलीस की छान." तेव्हाही नाही.

सोमवारी सकाळी टिका निळ्या झाल्या. पाच मिनिटांत वर धावपळ. गयाबाईंना वेगळ्या खोलीत हलवलं, दुसरं औषध नांदेडहून मागवलं, ते संध्याकाळी आलं. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांच्या लघवीतही तीच बुरशी सापडली. ते वाचले, पण पुढे बरेच आठवडे त्यांना राहावं लागलं. गयाबाई मंगळवारी सकाळी गेल्या. कोरोनानं नव्हे. कोरोनातून तर त्या उठल्या होत्या. सून जिन्यावर मोठ्यानं रडली नाही. ती मला म्हणाली, "ताई, रिपोर्ट कवा आला व्हता?" मी म्हणाले, सिस्टरना विचारा.

हो. असं म्हणाले.

बुधवारी डॉक्टरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर निळी वही उघडी. मंदा सिस्टर किट काढून आल्या होत्या, नाकावर मास्कचा लाल वळ. मी त्यांचा पूर्ण चेहरा तेव्हा पहिल्यांदा बघत होते. डॉक्टर ओरडले नाहीत. थकलेले होते. म्हणाले, व्हॉट्सअॅप मी कधी बघू, म्हणूनच फोनचा नियम केला ना? शनिवारी बारा चाळीसला लॅबनं कळवल्याची नोंद आहे. सिस्टर, काचेवर का नव्हतं?

सिस्टर गोंधळल्या. म्हणाल्या, "फोन आला की मी काचेवर लिवतेच सर. लिवल्याबिगर हटत न्हाई तिथून."

"रविवारी काच पुसली. आता कसं सांगणार?" डॉक्टर माझ्याकडे वळले. "तू फोन केला होतास?"

मी मान हलवली.

एवढंच. हो म्हणून, एक शब्दही न बोलता. चार वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी खोटं बोलले नाही, मी बोललेच नाही. आहे की नाही सोय? लाजाळू माणसाचं खोटं असंच असतं, ते ऐकूसुद्धा येत नाही.

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या भांडतील. भांडल्या असत्या तर कदाचित — नाही, तेही माहीत नाही मला. त्या वहीकडे बघत राहिल्या, माझ्या सहीकडे. मग हळू म्हणाल्या, "मॅडमनं लिहिलंय म्हंजे केला असंल सर. ते लेकरू खोटं कशाला लिहील? माझ्याच ध्यानातून गेलं."

आणि त्या रडायला लागल्या, गयाबाईंचं नाव घेऊन. मी तिथं उभी होते.

त्यांना काढलं नाही कुणी. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस आराम करा. त्या गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

लाट ओसरल्यावर एकदा डॉक्टर सहज बोलून गेले की त्या अवस्थेत दोन दिवस आधी औषध मिळून फरक पडला असता की नाही, सांगता येत नाही. हे वाक्य मी उचललं आणि अंगाला गुंडाळून घेतलं. सांगता येत नाही. कितीदा म्हटलं असेन मी ते! वैद्यकीयदृष्ट्या खरंही आहे. पण ते वाक्य गयाबाईंबद्दल आहे. मंदा सिस्टरबद्दल तसं काहीच नाही. तिथं सगळं सांगता येतं.

दोन वर्षांनी त्या मला हिंगोलीच्या बसस्टँडवर भेटल्या. सेनगावच्या गाडीची वाट बघत होत्या. त्यांनीच हाक मारली, "मॅडम! ओळख विसरलीस व्हय?" रसवंतीवर नेऊन मला बळजबरीनं उसाचा रस पाजला. ग्लास धरलेल्या हाताकडे माझं लक्ष गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत बॉलपेननं लिहिलेलं होतं. दूध. गोळ्या — सकाळी दोन. दादाला फोन. मी बघते आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. हसल्या. "काच सुटली ना आता," म्हणाल्या. "मला इसरायची बिमारी हाय. तवापासून भरवसा न्हाई राहिला सवताचा. भावाच्या लेकराला ताप आला तर औषध दिलं का न्हाई, दहादा इचारते." नोकरी? एका दवाखान्यातून बोलावणं आलं होतं, नाही म्हणाल्या. "माझ्या इसरण्यानं एक जीव गेला मॅडम. परत कशाला कुनाला तकलीफ?"

रस संपेपर्यंत आम्ही तिथं उभ्या होतो. तेव्हा का नाही सांगितलं? गाडी लागत होती, लोक होते — नाही. नाही सांगितलं, बस. मी त्यांना माझा नंबर दिला. त्यांनी तो हातावर लिहून घेतला आणि मला परत वाचून दाखवला, दोनदा, बरोबर आहे ना म्हणून.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. भाचीचा रक्ताचा रिपोर्ट इंग्रजीत होता, फोटो पाठवला होता, वाचून सांग म्हणाल्या. मी सांगितलं, काळजीचं काही नाही, रक्त थोडं कमी आहे. त्या म्हणाल्या, "लिहून पाठव गं. सांगितलेलं माझ्या ध्यानात राहत न्हाई." मी लिहून पाठवलं. मग बराच वेळ त्या निरोपाकडे बघत बसले. माझे शब्द, त्यांच्याकडे निळ्या टिका. एका मिनिटात वाचलेले.

त्यांना विसरण्याचा आजार नाही. कधीच नव्हता. तो मी त्यांना दिला. ज्या बाईनं शंभर निरोपांतला एकही चुकवला नाही, तिला मी पटवलं की तिचं डोकं तिला दगा देतं. आणि ते पटवायला मला एक शब्दही खर्च करावा लागला नाही.

गेल्या शनिवारी मी फोन केला. दुपारी, आता जिथं काम करते त्या लॅबमधून. तीच भीती. वाक्य तयार केलं नाही या वेळी. घंटी वाजत होती आणि मी मनात नका उचलू म्हणत होते, हेही लपवत नाही. त्यांनी उचलला. मी म्हणाले, सिस्टर, त्या शनिवारी मी फोन केलाच नव्हता. वहीत आधी लिहिलं आणि केला नाही. केबिनमध्ये मान हलवली ती खोटी होती. तुम्ही काही विसरला नाहीत.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी आवाज दिला, आत्या. मग त्यांनी विचारलं, "किती वाजताचं लिवलं व्हतं तू?"

"बारा चाळीस."

"बारा चाळीसला मी फोनपाशीच व्हते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी एकदाच बसले. पाय सुजले व्हते, खुर्ची काचेजवळ ओढून घेतली व्हती. फोनकडं बगत बसले व्हते." पुढे म्हणाल्या, "चार वर्षं म्हनून राहिले सवताला, तू तिथंच तर व्हतीस मंदा, मग ऐकू कसं न्हाई आलं."

मग त्यांनी फोन ठेवला.

गयाबाईंच्या सुनेला मी अजून सांगितलेलं नाही. पुसेगाव लांब नाही. सोमवारी जाते आहे. फोन करून नाही.

मंदा सिस्टरचा पुन्हा फोन आलेला नाही. यावा, असं माझं म्हणणं नाही.